लाकूडतोड्यांसाठी चांगली हवा

आमच्या सेंत-फिलोमेनमध्ये एखादा माणूस खांदे पाडून, पाय ओढत चाललेला दिसला तर त्याला ‘बरं नाही का?’ असं विचारायची पद्धत नाही. ‘कुठल्या समितीवर आहात?’ असं विचारतात. मी लाकूडतोडे पुनरागमन समितीवर होतो.

लाकूडतोडे म्हणजे आमचा हॉकीचा संघ. हॉकी म्हणजे बर्फावरची. दुसरी कुठली असते हे आमच्याकडे कुणी मानत नाही. पगारी खेळाडूंचा, हिरव्या स्वेटरचा आणि छातीवर कुऱ्हाड मिरवणारा हा संघ पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्याच्या मालकानं उचलला आणि दूर दक्षिणेत नेऊन ठेवला. तिकडे लोकांनी बर्फ पाहिलेला असतो तो सरबतात. तिथं तो संघ सुकला. आता लीगवाल्यांना सुबुद्धी झाली होती आणि संघ पुन्हा उत्तरेत आणायचं घाटत होतं. नदीकाठच्या दोन गावांतून एकाची निवड व्हायची होती. एक आमचं सेंत-फिलोमेन, दुसरं नदीपलीकडचं पोर्त-ओ-लू. पोर्त-ओ-लूबद्दल मी ख्रिस्ती माणूस म्हणून काहीही वाईट बोलणार नाही. एवढंच सांगतो, की त्यांच्याकडे नवंकोरं स्टेडियम आहे, त्यात बसायला गरम होणाऱ्या खुर्च्या आहेत, आणि त्यांना त्याचा गर्व आहे. गर्व हे पाप कितव्या क्रमांकाचं, ते ज्याचं त्यानं पाहून घ्यावं.

खरं म्हणजे मला हॉकीतलं फारसं कळत नाही. मला कळतं ते प्रवचन, आणि तेही गायलेलं.

चार वर्षांपूर्वी फादर सेलेस्तँ बेनिनहून आमच्या चर्चला आले. पहिल्याच रविवारी ते प्रवचनाला उभे राहिले, कागद उलगडला, दोन ओळी वाचल्या, कागद मिटून खिशात ठेवला आणि गायला लागले. हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. ते मेंढरू कुठल्या काट्यांत अडकलं, कसं ओरडलं, धन्याच्या चपलेचा अंगठा कुठं तुटला, सगळं गाऊन सांगायचं. मग थांबायचं, हात वर करायचा आणि सगळ्यांनी मिळून पालुपद म्हणायचं. आमच्या चर्चमध्ये ‘सगळे’ म्हणजे डझनभर म्हाताऱ्या आणि मी. म्हाताऱ्यांनी जन्मात कधी चर्चमध्ये खोकल्याखेरीज आवाज काढलेला नव्हता. त्या आपापल्या बुटांकडे बघत बसल्या. फादरांचा हात वरच. शेवटी मीच एकट्यानं पालुपद म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी फादर गातात आणि मी उत्तर देतो. जणू आमचं दोघांचं काहीतरी घरगुती बोलणं चाललंय आणि बाकीच्या सभ्यपणानं ऐकून घेतायत. पण नोटरीच्या कचेरीत जन्म घासलेल्या माणसाला विचारा, त्या अर्ध्या तासात काय असतं! मेंढरू सापडलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. दर वेळी सापडतं हे माहीत असूनसुद्धा.

तर बिशपांच्या कचेरीतून निरोप आला, की दोन्ही काठांना मिळून यापुढे एकच धर्मगुरू. सेंत-फिलोमेनची वस्ती वाढायचं काही चिन्ह दिसलं तर ठीक, नाहीतर आमच्या चर्चला कुलूप आणि फादर पलीकडे. पलीकडे म्हणजे गरम खुर्च्यांत. इकडे आमचे नगराध्यक्ष सभेत सांगत सुटले होते, की संघ आला की तरुण मंडळी येतील, घरं भरतील, शाळा भरेल, चर्च भरेल. त्या दिवसापासून मी लाकूडतोड्यांचा कट्टर भक्त झालो. फादरांनी मला चर्चतर्फे समितीवर पाठवलं आणि मी कोपऱ्यातली खुर्ची धरून गप्प बसायचं ठरवलं.

गप्प बसलो असतो तर आज माझी पाठ शाबूत असती.

अडचण अशी होती, की आमच्या जुन्या स्टेडियमचं छप्पर गळतं. लीगचा माणूस फेब्रुवारीअखेर पाहणीला यायचा होता आणि त्याला बादल्या दाखवायच्या का, यावर समितीत दोन तट पडले होते. एक म्हणे झाकून ठेवा, दुसरा म्हणे हिरव्या रंगवा. मी आपला सहज शेजारच्याला म्हणालो, “आम्ही लहानपणी चर्चपुढच्या चौकात पाणी सोडून खेळायचो. छप्पर नाही, गळायचा प्रश्न नाही.”

सभेत शांतता पसरली. असली शांतता मी ओळखतो. तिच्यात आपल्या नावावर काहीतरी चढत असतं.

“मॉस्यू गरों!” नगराध्यक्ष उभेच राहिले. “काय बोललात! उघड्यावर सामना! मागं चर्चचा मनोरा, भोवती सगळं गाव, तोंडातून वाफा! त्यांच्याकडे खुर्च्या असतील, आपल्याकडे आत्मा आहे!”

“पण चौकात बर्फ करणार कोण?” कुणीतरी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुणी फार लांब बघितलं नाही.

घरी येऊन मी ही बातमी बायकोला जरा दबक्या अभिमानानं सांगितली. युगेत वाटाण्याचं सूप ढवळत होती. ती ढवळतच राहिली.

“तू बर्फ करणार?”

“हो.”

“ओनेसिम, आपल्या फ्रीजमधल्या ट्रेतला बर्फ तुला निघत नाही. परवा तू तो हातोडीनं काढलास.”

“तो काढण्याचा प्रश्न होता. हा करण्याचा आहे.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये काय काय असतं, ते लग्न झालेल्या माणसांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत परवानगी काढायला गेलो. खिडकीत मादाम बिलोदो. बाई फार सज्जन. नियमाबाहेर कुणाला त्रास देत नाहीत.

“बर्फाला परवानगी नसते,” त्या म्हणाल्या. “बर्फाचा रकानाच नाही. तुम्ही नक्की करणार काय आहात?”

“चौकात पाणी सोडणार, मग ते गोठणार.”

“पाणी किती खोल?”

“असेल वीतभर.”

“मग तो पोहण्याचा तलाव झाला.”

“मादाम, ते गोठणार आहे!”

“तुम्ही सोडाल तेव्हा ते काय असेल?”

“पाणी.”

“झालं तर. पुढं त्याचं काय होतं ते देवाच्या हातात, नगरपालिकेच्या नाही.” त्यांनी शिक्का उचलला. “भोवती कुंपण लागेल, खोलीचा फलक लागेल, बुडणाऱ्याला फेकायचं चाक लागेल, आणि एक प्रमाणपत्रवाला जीवरक्षक. तो नसेल तर कुणी तलावात उतरायचं नाही.”

वैतागून मी घरी निघालो. पण संकटं एकटी येत नाहीत. त्यांच्याबरोबर शेजारी येतात. आमच्या शेजारच्या मादाम लोझों कुंपणापाशी उभ्याच होत्या. वय ऐंशीच्या पुढे, चर्चमधल्या डझनभर म्हाताऱ्यांतल्या सगळ्यांत ताठ. माझी कथा ऐकून त्या आत गेल्या आणि चौकटीतलं एक प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या. तरुणपणी त्या नन्सच्या शाळेत मुलींना पोहणं शिकवत.

“यावर मुदत लिहिलेली नाही,” त्या म्हणाल्या. “शिट्टीसुद्धा आहे माझ्याकडे.”

अशा रीतीनं उणे वीस अंशांत, फरचा कोट आणि कानटोपी घालून, आमच्या तलावाकाठी खुर्ची टाकून मादाम लोझों बसू लागल्या. गळ्यात शिट्टी, पाठीमागं लाल-पांढरं चाक, शेजारी फलक: ‘खोली एक वीत. धावू नये. सूर मारू नये.’ पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः नगराध्यक्षांना धावल्याबद्दल शिट्टी मारून बाहेर काढलं.

बर्फ करणं हे काम जगातल्या प्रत्येकाला येतं, फक्त जो करत असतो त्याला येत नाही. हे मला आठवड्याभरात कळलं. पलीकडच्या घरातला रेजां तिव्हिएर्ज हा निवृत्त प्लंबर. तो सकाळी कॉफीचा मग घेऊन यायचा आणि माझ्या हातातल्या नळीकडे बघत राहायचा. वाईट माणूस नाही. पण आमच्याकडे शिव्या द्यायला लोक चर्चमधल्या भांड्यांची नावं घेतात आणि रेजांच्या तोंडात चर्चमध्ये नसतील इतकी भांडी आहेत.

“गरम पाणी सोड, गरों! पवित्र प्याल्या! गार पाण्याचा बर्फ ओबडधोबड होतो.”

“रेजां, प्याला मध्ये आणू नकोस.”

“बरं. तबकाची शपथ, गरम पाणी सोड!”

आणखी एकजण म्हणाला, आधी पडलेला भुसभुशीत बर्फ दाबून घ्या, वरून पाणी मारा. तिसरा म्हणाला, पाण्यात थोडं दूध घाला, पांढरं दिसतं. दुसऱ्या दिवशी चौकातली झाडून सगळी मांजरं बर्फ चाटताना दिसली, तेव्हा कुणीतरी त्याचं ऐकलं होतं हे उघड झालं. मी सगळ्यांचंच थोडं थोडं ऐकलं. हीच चूक. गरम पाण्यासाठी रेजांनं चर्चच्या बॉयलरला नळी जोडली आणि आपण जेवायला गेला. चौकाला चर्चकडे जरासा उतार आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याला ठाऊक होतं. ते चर्चपर्यंत गेलं, दाराच्या फटीत शिरलं आणि तिथं समाधानानं गोठलं. रविवारी चर्चचा दरवाजा उघडेना. म्हाताऱ्यांना बाजूच्या खिडकीतून, स्टुलावर चढवून, एकेक करून आत घ्यावं लागलं. मी बाहेरून आधार देत होतो. कुठं धरायचं आणि कुठं धरायचं नाही, या विवंचनेत मी स्वतःच घसरलो आणि बर्फावरून थेट चर्चच्या दारापर्यंत पाठीवर गेलो. मादाम लोझोंनी शिट्टी मारली.

“सूर मारू नये असं लिहिलंय, मॉस्यू गरों!”

त्या दिवशी फादर खिडकीतून डोकावून बराच वेळ बघत होते. नंतर मला हात देत म्हणाले, “मॉस्यू ओनेसिम, माझ्या गावी आम्ही पाणी यावं म्हणून गातो. तुम्ही लोक आलेल्या पाण्याला बेड्या घालता आणि मग त्याच्यावर नाचता.”

“फादर, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय,” असं मी म्हणणार होतो. पण माझ्या पाठीत तेव्हा इतकी कळ होती, की ‘आई गं’ एवढंच म्हणालो.

तर अशा खटपटीतून, कण्हत कुथत, शेवटच्या आठवड्यात बर्फ खरंच झाला. आरशासारखा. रेजांसुद्धा त्यावर वाकून काही न बोलता परत गेला; भांड्यांपैकी एकाचंही नाव नाही. आता फक्त शनिवार उजाडायचा होता.

आणि मंगळवारी रेडिओनं सांगितलं, की शनिवारी वादळ. बर्फ, वारा, रस्ते बंद, नदीवरची फेरीबोट बंद.

लीगचा माणूस शुक्रवारी पोर्त-ओ-लूला उतरून शनिवारी फेरीनं आमच्याकडे यायचा होता. फेरी बंद म्हणजे तो पलीकडेच राहणार, गरम खुर्चीत, पाय पसरून. समितीची तातडीची सभा भरली. सगळे हताश. वादळाविरुद्ध ठराव करता येईल का, इथवर चर्चा गेली. तेव्हा मी उठलो. आता मी काही नवखा राहिलो नव्हतो.

“मंडळी,” मी म्हणालो, “आपल्या आज्यांनी काय केलं असतं?”

आमच्याकडे लग्नाच्या किंवा सहलीच्या आदल्या संध्याकाळी घरची बाई आपली जपमाळ कपड्यांच्या दोरीवर टांगते. दुसऱ्या दिवशी हवा चांगली मिळते. आमच्या मुलीच्या लग्नात युगेतनं टांगली होती. आजूबाजूच्या तीन गावांत पाऊस पडला, आमच्या अंगणात थेंब नाही. आता अख्ख्या गावानं एकदम टांगल्या तर वादळाची काय प्राज्ञा!

कल्पना वाऱ्यासारखी पसरली. जे लोक पंचवीस वर्षांत चर्चकडे फिरकले नव्हते, ते कपाटांतून आजीच्या जपमाळा शोधू लागले. ज्यांना सापडल्या नाहीत ते आमच्याकडे मागायला आले. मला गहिवरून आलं. फादरांना ही पद्धत मुळीच ठाऊक नव्हती. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मागायचं काय?”

“चांगली हवा.”

“चांगली म्हणजे कशी?”

“चांगली म्हणजे चांगली, फादर. लग्नाला असते तशी.”

“माझी आजी पाऊस मागताना शेताचं नाव सांगायची,” फादर म्हणाले. “वर विहिरीची खूणसुद्धा. नाहीतर शेजाऱ्याकडे पडतो.”

मी हसलो. परगावचा माणूस, त्याला आमच्या जपमाळा काय माहीत!

शुक्रवारी संध्याकाळी गावातली एकही दोरी रिकामी नव्हती. कपडे कुठं दिसत नव्हते, नुसते मणी. मादाम लोझोंनी तीन टांगल्या होत्या, एक स्वतःची आणि दोन मेलेल्या बहिणींच्या. रेजांकडेही एक होती. तो म्हणाला, ती त्याच्या सासूची आहे आणि सासू मेल्यानंतर दोघांचं बरं जमतं.

शनिवारी सकाळी मला टप् टप् आवाजानं जाग आली.

पडदा बाजूला केला. वादळ नव्हतं. ढग नव्हता. आभाळ धुऊन टांगलेल्या चादरीसारखं निळं होतं, दक्षिणेकडून कोमट वारा येत होता आणि आमच्या छपराच्या कडेचे बर्फाचे सुळे एकेक करून खाली पडत होते. समोर रेजां नुसत्या सदऱ्यावर उभा होता. फेब्रुवारीत! थर्मामीटर बघायचं मला धैर्य झालं नाही, युगेतनं बघितलं.

“लग्नाची हवा आहे,” ती म्हणाली. “तू मागितलीस तीच. आता नवरदेव शोध.”

“गरों!” रेजां कुंपणावरून ओरडला. “प्याला, तबक, समई आणि सगळं कपाट! काय मागून ठेवलंस तू?”

मी चौकाकडे धावलो. माझा आरसा घामाघूम झाला होता. तासाभरात त्याच्यावर पाणी साचलं, मग पाण्याखाली बर्फ साचल्यासारखा दिसू लागला, मग बर्फच दिसेना. समितीचे लोक भोवती जमले. जपमाळा उतरवाव्यात का, यावर वाद सुरू झाला. एक म्हणाला, उतरवा. दुसरा म्हणाला, आत्ता उतरवल्या तर वर वाटेल आपण थट्टा करतोय. आणि मग कायमचीच थंडी. एवढ्यात रेजां धापा टाकत आला.

“मी सासूची फ्रीजरमध्ये ठेवली.”

“काय?” मी किंचाळलो. “जपमाळ? फ्रीजरमध्ये?”

“वाटाण्यांच्या दोन पिशव्यांमध्ये. नीट, आदरानं.”

“रेजां, ही श्रद्धा नाही, ही जादूटोण्याची अंधश्रद्धा आहे! चर्चच्या शिकवणीत हे बसत नाही!” मी त्याला बजावलं. मग हळूच विचारलं, “कधी ठेवलीस? काही फरक?”

दुपारी लीगचे मिस्टर पेम्बर्टन आले. टोरांटोकडचे, मऊ आवाजाचे, नवे बूट घातलेले गृहस्थ. फेरी वेळेवर होती. अशा हवेत का नसेल? चौकात सगळं गाव उभं होतं, आठशे माणसं सहज. इतकी माणसं चर्चपुढं मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. जुन्या लाकूडतोड्यांपैकी जे हयात आणि चालते-फिरते होते, ते हिरवे स्वेटर आणि स्केट घालून तलावाकाठी उभे होते. तलाव म्हणतो, कारण आता त्याला दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं. मादाम बिलोदो गर्दीत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नियमाचा विजय होता.

पेम्बर्टनसाहेबांनी आधी पाणी बघितलं. मग चाक बघितलं. मग फलक वाचला. मग फरच्या कोटातल्या मादाम लोझोंकडे बघितलं.

“मला हॉकी असं सांगितलं होतं,” ते नम्रपणे म्हणाले.

“सकाळपर्यंत हॉकीच होती,” नगराध्यक्ष म्हणाले.

तरी सामना सुरू झाला. आमचे लोक जिद्दी. चकती मध्यभागी टाकली, ती बुडाली. तिला शोधायला सगळे खेळाडू वाकले. एकजण पडला, त्याला धरायला दुसरा पडला, आणि मादाम लोझोंनी जोरात शिट्टी मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. “ओठ निळे पडलेत! बाहेर! टॉवेल कुठाय तुमचा?” चाकही फेकलं त्यांनी. ते पेम्बर्टनसाहेबांच्या खांद्यात अडकलं.

आठशे माणसं घोट्यापर्यंत पाण्यात, गप्प. नगराध्यक्षांनी भाषणाचा कागद काढला आणि परत ठेवला. कुणीतरी फादरांच्या हातात ध्वनिक्षेपक दिला. बहुधा अंत्यविधी त्यांना सवयीचा म्हणून.

फादरांनी चौकाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. पाण्यावर चालायला निघालेल्या पीटरची गोष्ट. काय गायले! लाट कशी आली, वल्हं कसं निसटलं, पीटरला वाटलं जमतंय, आणि जमतंय असं वाटलं तोच पाय गेले. फादरांनी हात वर केला.

“हात दे, प्रभू, हात दे!” मी पालुपद उचललं.

एकट्यानं. आठशे माणसांसमोर. वरच्या सुरावर माझा आवाज फाटला, आणि त्या शांततेत तो फाटलेला तुकडा मनोऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. लोक बुटांकडे बघत होते. बूट दिसत नव्हते तरी बघत होते. फादरांनी चार वेळा हात वर केला, मी चार वेळा म्हटलं. चर्च वाचवायचं तर गप्प बसून कसं चालेल? पण सांगतो, माणसाला इतकं एकटं वाटू नये.

जाताना पेम्बर्टनसाहेबांनी माझा हात हातात घेतला.

“फार सुंदर हवा आहे तुमच्याकडे,” ते मनापासून म्हणाले. “गोल्फचा विचार केलाय कधी?”

संघ पोर्त-ओ-लूला गेला, हे सांगायलाच नको. सांगायचं ते पुढचं. वर्तमानपत्रात फोटो आला: चर्चचा मनोरा, गाणारे फादर आणि समोर पाण्यात भान हरपून, माना खाली घालून उभे असलेले आठशे भाविक. बिशपसाहेब म्हणे तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिले. एवढी माणसं बर्फाच्या पाण्यात उभी करणारा प्रवचनकार आपल्याकडे आहे आणि आपण त्याला एका कोपऱ्यात ठेवलाय! त्यांनी ताबडतोब फादरांना जिथं चर्च मोठं आहे तिथं नेमलं. म्हणजे पोर्त-ओ-लूला. आमच्या चर्चला कुलूप नाही. महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन कागद वाचून जातं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी संघही घालवला आणि फादरही, आणि दोन्ही एकाच गावाला, एकाच फेरीनं पोचते केले.

उन्हाळाभर मी दमलेला होतो. रविवारी पलीकडे जावं असं वाटे, पण शत्रूच्या बाकावर बसून मेंढरू सापडताना बघायचं, हे मनाला पटेना. शेवटी ऑक्टोबरात युगेतच म्हणाली, “चल. तुझं तोंड बघवत नाही.”

फेरीवर चढलो तर निम्मं गाव तिथं. मला आश्चर्य वाटलं. मग आठवलं, की त्या दिवशी दुपारी पलीकडे लाकूडतोड्यांचा पहिला सामना होता. रेजां कठड्याला टेकून उभा होता, कोटाची बटणं हनुवटीपर्यंत लावलेली.

“कुठं निघालास?” मी विचारलं.

“मी?” रेजां नदीकडे बघत म्हणाला. “प्रवचनाला.”

“तू? प्रवचनाला?”

“का? मी ख्रिस्ती नाही? फादर आपले होते, गरों. माणसानं माणुसकी ठेवावी.”

“आणि आपण, मादाम लोझों?”

“प्रवचनालाच. आणखी कशाला जाणार त्या गावात?”

नगराध्यक्षही प्रवचनाला निघाले होते. मादाम बिलोदोसुद्धा. गरम खुर्च्यांच्या त्या गावात सामन्याला जातो असं म्हणायची एकाचीही छाती नव्हती. युगेत माझ्या कानात म्हणाली, “सगळ्यांच्या कॉलरी बघ. आतून हिरव्या आहेत.”

पलीकडच्या धक्क्यावर रस्ता फुटतो. डावीकडे स्टेडियम, उजवीकडे चर्च. सगळे तिथं येऊन थांबले. प्रत्येकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं माझ्याकडे. मी उजवीकडे वळलो. एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि अख्खं सेंत-फिलोमेन माझ्यामागं उजवीकडे वळलं.

चर्च भरून गेलं. पोर्त-ओ-लूवाल्यांना भिंतीशी उभं राहावं लागलं. फादर वेदीपाशी आले, समोर बघितलं आणि उपरण्याच्या टोकानं डोळे टिपले. मग गायला लागले. द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट: कुणी पहाटे आले, कुणी दुपारी, कुणी दिवस मावळताना, आणि धन्यानं सगळ्यांना सारखंच दिलं. असा लागलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पहाटेच्या मजुरांतच किती वेळ गेला. रेजां घड्याळाकडे बघत होता, पण उठणार कोण? पहिला उठेल तो गावात कायमचा उघडा पडणार. पोर्त-ओ-लूचं चर्च ऊबदार ठेवतात. थोड्या वेळानं एकाला असह्य झालं, त्यानं कोट उघडला. मग शेजारच्यानं. मग मादाम लोझोंनी. बघता बघता पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळं चर्च हिरवं झालं; जिकडे तिकडे कुऱ्हाडी. फादरांनी तेही बघितलं आणि गाणं तसूभरही कमी केलं नाही. त्यांनी हात वर केला.

“उशिरा आलात, तरी आत या!”

मी एकट्यानं म्हणायच्या तयारीनं छाती भरून घेतली होती. पण तोंड उघडायच्या आत ते पालुपद माझ्या मागून, पुढून, डोक्यावरून आलं. नगराध्यक्ष म्हणत होते. मादाम बिलोदो म्हणत होत्या. म्हाताऱ्या बुटांकडे न बघता म्हणत होत्या. रेजां तर हॉकीला ओरडतात तसा ओरडत होता. लवकर संपावं म्हणून असेल, असो. खिडक्यांच्या काचा हलत होत्या. आणि मी पहिल्यांदाच नुसता ऐकत राहिलो.

फादरांनी पुन्हा हात वर केला. रेजांनं मला कोपरानं ढोसलं.

“गा ना रे, गरों,” तो दबक्या आवाजात खेकसला. “तू गात नाहीस म्हणून ते परत परत म्हणायला लावतायत.”